जांभळ्या फितीची घंटा

"अजून वर घे. अजून. आता खाली! अरे, इतकी खाली नाही!"

मुंगळा स्टुलावर उभा राहून खिडकीत कागदाची चांदणी टांगत होता आणि ताई खालून हुकूम सोडत होती. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं, असं मुंगळा पुटपुटला. शेळीनं इतकं बोलायचं नसतं, असं ताईनं त्याला ऐकवलं. स्टूल हलू नये म्हणून पिटुकलीला ते धरायला सांगितलं होतं. ती एका हातानं स्टूल धरत होती आणि दुसऱ्या हातानं केकसाठी आणलेले बेदाणे खात होती, त्यामुळे स्टूल हलायचं तितकं हलतच होतं.

मुंगळा म्हणजे ताईचा चुलतभाऊ. एखाद्या गोष्टीला चिकटला की तोडल्याशिवाय सुटायचा नाही, म्हणून मुंगळा. पिटुकली ताईची धाकटी बहीण. ताईचे बाबा आणि काका या दोन्ही भावांची कुटुंबं आणि आजी, सगळी एकाच घरात. शाळेला सुट्टी लागली होती, नाताळ तीन दिवसांवर आला होता आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

आजी खिडकीशी खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "कुणाची गं मुलं ही?"

"तुझीच, आजी," ताई म्हणाली.

"हो का? गुणी आहेत."

मुंगळ्यानं खालच्या दोघींकडे बघितलं आणि पुन्हा चांदणीची दोरी ओढायला लागला. गेली दोन-तीन वर्षं असंच चाललं होतं. आधी आजी चष्मा कुठं ठेवला ते विसरायची. मग जेवली की नाही ते विसरायला लागली. आणि आता माणसं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आजारपण आहे, यात तिचा दोष नाही, आणि यावर औषधही नाही. मोठी माणसं तरी काय करणार? मुलांनी तर करायचं काय!

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांची भिस्त होती, ती म्हणजे घंटा.

आजोबा धातू ओतायच्या कारखान्यात कामाला होते. लग्न झालं तेव्हा त्यांनी दोन छोट्या घंटा ओतल्या, लाकडी मुठीच्या, हातात धरून वाजवायच्या. एक स्वतःची, एक आजीची. पुढं घरात मूल जन्मलं की एक घंटा, सून आली की एक घंटा. प्रत्येकीचा सूर वेगळा. आतून घासून घासून ते सूर जुळवायचे आणि मुठीला एकेका रंगाची फीत बांधायचे. आजोबांची जांभळी, बाबांची हिरवी, काकांची पिवळी, आत्याची निळी, असं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसायचं आणि आजोबांनी बांधलेली एक सुरावट वाजवायची. कुणालाच ती अख्खी यायची नाही. प्रत्येकाला आपापली पाळी तेवढी ठाऊक. त्यामुळे अख्खं घर बसल्याशिवाय ते गाणं व्हायचंच नाही.

आणि एक नियम होता. जो हजर नाही, त्याची घंटा दुसऱ्यानं वाजवायची नाही. त्याची पाळी आली की सगळ्यांनी गप्प राहायचं आणि मग पुढं जायचं. आजोबा गेले तेव्हापासून त्यांची घंटा त्यांच्या जागी उशीवर नुसती ठेवलेली असायची. आत्या दूरदेशी नोकरीला गेली तेव्हापासून तिच्याही जागी शांतताच होती.

गेल्या नाताळात आजीला चेहरे ओळखताना अडायला लागलं होतं, पण घंटा वाजली की ती डोळे मिटून सांगायची, हा थोरला, हा धाकटा, ही पिटुकली. एकदाही चुकली नव्हती. पेटी फक्त नाताळात उघडायची असा घरचा शिरस्ता. म्हणून आजी कुणाला विसरली की आई म्हणायची, थांबा, नाताळात घंटा निघू देत. आणि या वर्षी आत्या सुट्टी काढून येणार होती. आई मला ओळखेल ना, असं तिनं फोनवर तीनतीनदा विचारलं होतं. घंटा वाजव, लगेच ओळखेल, असं बाबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

संध्याकाळी सरावासाठी पेटी निघाली. घंटा आरशासारख्या चकचकत होत्या आणि प्रत्येकीला नवीकोरी लाल फीत होती. वा, काय छान दिसतायत, असं आई म्हणाली आणि काकूची कळी खुलली. ती तिचीच कारागिरी होती. जो तो आपापल्या जागेवरची घंटा उचलून बसला.

सुरावट सुरू झाली आणि ताईच्या कपाळावर आठी पडली. काहीतरी वाकडं लागत होतं. पण काय, ते तिला सांगता येईना. वर्षभरात हाताची सवय मोडलीय, दुसरं काय, असं म्हणून काका हसले. आजोबांचा कान त्यांच्या एकाही मुलाला आला नव्हता. बाबा चर्चमध्ये गायला लागले की पुढच्या बाकावरचे लोक मागं वळून बघायचे.

मग बाबांनी गाणं थांबवलं आणि एकेकाला आजीच्या मागं जाऊन घंटा वाजवायला सांगितलं.

पिटुकलीनं वाजवली. "पिटुकली," आजी लगेच म्हणाली. मुंगळ्याची ओळखली, ताईची ओळखली. सगळ्यांना हुरूप आला. मग काकांनी वाजवली.

"ही थोरली सून," आजी म्हणाली.

काकांनी पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. आईनं वाजवली तर आजी म्हणाली, "धाकटा." शेवटी बाबा पुढं झाले आणि त्यांनी आपली घंटा वाजवली.

आजी ताडकन उठली. एरवी तिला खुर्चीतून उठवायला दोघं लागायचे. ती भिंतीला धरत धरत दाराकडे निघाली. "हे आले," ती म्हणाली. "अगं, दार उघडा. कधीची वाट बघतेय मी. हे आले."

तिनं स्वतः दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. ती बराच वेळ तिथंच उभी राहिली, आणि मग रडायला लागली. कशासाठी रडतेय ते बहुतेक तिलाही आठवत नव्हतं. आईनं तिला धरून आत आणलं.

मुलं झोपायला गेली असं समजून मोठी माणसं स्वयंपाकघरात बोलत बसली. पण दाराला फट होती, आणि फटीला तीन कान होते. बाबा म्हणत होते की यंदा घंटा नकोत, तिला त्रास होतो. पेटी कपाटावर टाकून देऊ. मग ते थोडं थांबले. विसरभोळ्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था त्यांनी बघून ठेवली होती. तिथं नर्स असतात, डॉक्टर असतात. आपण इतके दिवस घंटांच्या आशेवर थांबलो होतो, पण आता तेही गेलं.

"तिला घंटासुद्धा ओळखू येत नाहीत आता," बाबा म्हणाले. "मग ती इथं असली काय आणि तिथं असली काय."

पिटुकली रडायला लागली, तेव्हा ताईनं तिच्या तोंडावर हात ठेवून तिला ओढत खोलीत नेलं.

सकाळी तिघं जिन्यात बसली होती. जिन्यातच त्यांच्या सगळ्या सभा व्हायच्या. पिटुकलीचं म्हणणं होतं की आजीला पलंगाखाली लपवून ठेवू. मुंगळा नखं खात होता. मधेच तो म्हणाला, "आपल्या तिघांच्या कशा ओळखल्या तिनं?"

"म्हणजे?"

"आपल्या तिघांच्या बरोबर आणि मोठ्यांच्या चूक. विसरायचंच तर सगळंच विसरायला हवं ना?"

ताईनं त्याच्याकडे बघितलं. आपल्या घंटा सगळ्यांत लहान, ती हळूहळू म्हणाली, त्या नुसत्या बघूनही कळतात. मोठ्यांच्या सगळ्या साधारण एकाच मापाच्या, त्या फितीवरूनच ओळखायच्या. आणि फिती तर...

"लाल!" मुंगळा ओरडला. ताईनं त्याला चूप केलं.

चौकशीला सुरुवात काकूपासून झाली. काकू केकच्या भांड्याला लोणी लावत होती. फितींचं नुसतं कौतुक करायचा अवकाश, तिनं सगळं भडाभडा सांगितलं. काकांनी आणून दिल्या तेव्हा घंटांना फितीच नव्हत्या. मग तिनं नव्या आणल्या, सगळ्यांना एकसारख्या, फोटोत छान दिसतात. पेटीतसुद्धा दर वर्षी कसा गोंधळ असायचा, मोठी लहान, मोठी लहान. तिनं सगळ्या मापानं ओळीत लावल्या. कुणी एका शब्दानं विचारलं नाही, पण चालायचंच.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. पेटीतला तो गोंधळ म्हणजे आजोबांचा क्रम होता. जो घरात आधी आला, त्याची जागा आधी. आणि मोठी माणसं आपापली जागा बघूनच घंटा उचलत आली होती. काकू बिचारी टापटिपीची. तिनं टापटीप केली आणि घर एकमेकांत मिसळून गेलं!

काकांना विचारलं तर ते म्हणाले, फिती जुनाट झाल्या होत्या, फेकून दिल्या. आणि शीळ घालायला लागले.

"बाबा शीळ घालतायत म्हणजे थापा मारतायत," मुंगळा म्हणाला. त्याला आपल्या बाबांची चांगली पारख होती.

काकांचं सायकलींचं दुकान होतं. हँडलं चमकवायची असली की ती मागच्या गल्लीतल्या पॉलिशवाल्याकडे जायची. घंटा मशीनला कधी लावायच्या नाहीत, मऊ फडक्यानं पुसायच्या, हा आजोबांचा सक्त दंडक. तो काकांनी मोडला असणार आणि म्हणून आता तोंडात मूग गिळून बसले असणार. खाई त्याला खवखवे!

पॉलिशवाल्याच्या दुकानात चाक गरगर फिरत होतं आणि काळा भुगा उडत होता. तोंडाला फडकं बांधलेला तो माणूस एक नळ चमकवत होता. मुलांनी ओरडून विचारलं, त्यानं ओरडून उत्तर दिलं. हो, आणल्या होत्या घंटा. नेहमीसारखी घाई होती. फिती चाकात अडकतात म्हणून त्यानं कात्रीनं कापल्या, आणि काम झाल्यावर घंटा पोत्यात भरून दिल्या. कुठली फीत कुठल्या घंटेची ते आपल्याला काय ठाऊक? आणि आता सरका, ठिणगी उडेल.

फिती कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या डब्यात होत्या. तिघांनी कोपरापर्यंत हात काळे करून त्या शोधून काढल्या. तेलकट, चोळामोळा झालेल्या, पण रंग कळत होते. हिरवी सापडली, पिवळी, निळी. जांभळी सगळ्यांत शेवटी, डब्याच्या तळाशी.

परतताना मुंगळा खुशीत होता. ताई मात्र फिती उलटसुलट करून बघत होती. "फिती मिळाल्या, पण बांधायच्या कुठं?" ती म्हणाली. "कुठली घंटा कुणाची, हे सांगणार कोण?"

अख्ख्या घरात हे सांगू शकणारं एकच माणूस होतं. आणि त्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

संध्याकाळी ताईनं धीर करून बाबांना गाठलं. घंटांची अदलाबदल झालीय, आजी चुकलीच नव्हती, असं ती एका दमात सांगायला गेली. पण बाबा फोनवर होते, त्यांना वाटलं ती पुन्हा हट्टच करतेय. लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस, ते म्हणाले, आजीचं आम्हाला कमी वाईट वाटतं का? त्यांचे डोळे लाल झाले होते. ताई तिथूनच मागं फिरली. मुंगळ्यानं जेवताना सहज म्हटलं की पॉलिशवाले काका तुम्हाला विचारत होते, तर काकांना असा ठसका लागला की काकूला त्यांची पाठ चोळावी लागली. नंतर काकांनी तिघांना बाजूला घेतलं. दादाला सांगू नका, त्यांनी हात जोडले, नाताळ जाऊ दे, मग मीच सांगतो. पण नाताळ गेला की आजीही जाणार होती, हे त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आणि काका आत्याला आणायला स्टेशनवर गेले. आई आणि काकू चर्चमध्ये फुलं लावायला गेल्या. आजीकडे लक्ष ठेवा, असं जाताना चौघांनीही बजावलं. ठेवतो ना, असं मुंगळा इतक्या साळसूदपणे म्हणाला की एरवी कुणालाही संशय आला असता.

दार लागलं आणि मुंगळा कपाटावर चढला. पेटीवर दोन बॅगा रचलेल्या होत्या. एक ताईच्या हातात आली, दुसरी डोक्यावर. पेटी खाली आली.

लाल फिती सोडून टाकल्या. धुतलेल्या फिती ताईनं मांडीवर पसरल्या. पिटुकली आजीजवळ बसली आणि मुंगळ्यानं पहिली घंटा उचलली.

"ती नको," ताई म्हणाली.

बाबांच्या जागेवरची, परवा त्यांनी वाजवलेली घंटा होती ती. ती कुणाची, हे आता तिघांनाही कळलं होतं. ती वाजवली की आजी पुन्हा उठणार, पुन्हा दार उघडणार आणि पुन्हा बाहेर कुणी नसणार. ताईनं ती उचलली, आतला लोलक बोटानं घट्ट धरून ठेवला आणि मुठीला जांभळी फीत बांधली. मग ती उशीवर आडवी ठेवली.

बाकीच्या एकेक वाजायला लागल्या. आजीनं डोळे मिटले होते.

"हा धाकटा. याला भारी घाई." पिवळी फीत.

"थोरली सून. हिचं अर्धं लक्ष स्वयंपाकघरात." ताईला हसू आलं. आई खरंच दर वेळी उशिरा वाजवायची.

मुंगळ्यानं पुढची वाजवली. आजीचा चेहरा एकदम मऊ झाला. "थोरला," ती म्हणाली. ही घंटा परवा आजोबांच्या उशीवर गप्प पडून होती. ताईनं तिला हिरवी फीत बांधली आणि गाठ दोनदा आवळली.

मग काकू. मग आत्या. "ही माझी ठकू," आजी म्हणाली. "लांब गेलीय हो. येईल."

शेवटी एक राहिली. मुंगळ्यानं ती दोनदा वाजवली. आजीनं डोळे उघडले. "ही कुणाची गं? गोड आहे आवाज."

पेटीत आता दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

"तुझी आहे, आजी," पिटुकली म्हणाली.

"माझी?" आजीनं घंटा हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली. "नाही बाई. कुणाची तरी असेल, जपून ठेवा."

मुंगळा खिडकीबाहेर बघायला लागला. सगळं कोडं सुटलं होतं. ताईनं त्या घंटेला आजीची पांढरी फीत बांधली आणि पेटी बंद केली.

आत्या आली ती अंधार पडता पडता. बॅग दारातच टाकून ती आजीपुढं गुडघ्यांवर बसली. आजीनं तिच्याकडे नीट बघितलं आणि मानेनं खुर्ची दाखवली.

"या, बसा ना. अगं, पाहुण्यांना पाणी द्या कुणीतरी."

आत्या हसली. तिनं पाणी घेतलं, पेला ठेवायला म्हणून आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच उभी राहिली. बाबा दाराशी घुटमळत होते.

तेव्हा ताईनं पेटी आणून टेबलावर ठेवली.

"ही कुणी खाली काढली?" बाबांचा आवाज चढला. "मी नको म्हटलं होतं ना?"

"बाबा, परवा आजी चुकली नव्हती. आपण चुकलो होतो."

ताईनं सगळं सांगितलं. फिती, पेटीतल्या जागा, आजोबांची घंटा. पॉलिशवाल्याचं सांगायची पाळी आली तेव्हा ती अडखळली आणि तिनं काकांकडे बघितलं. काकांनी एकदा शीळ घालायला ओठ गोल केले, पण शीळ काही निघाली नाही.

"ती खरं सांगतेय, दादा," ते म्हणाले. "मशीनला मीच दिल्या. फिती तिथंच कापल्या गेल्या. तू रागावशील म्हणून बोललो नाही." काकूनं कपाळाला हात लावला आणि ती मटकन खुर्चीत बसली.

बाबांना अजून पटत नव्हतं. पटवून घ्यायची त्यांना भीती वाटत असावी. एकदा आशा धरून तोंडघशी पडलेलं माणूस पुन्हा लगेच आशा धरत नाही. शेवटी पिटुकलीनंच हिरव्या फितीची घंटा त्यांच्या हातात कोंबली आणि त्यांना आजीच्या मागं ढकललं. बाबांनी घंटा वाजवली.

आजीनं मानही वळवली नाही. "थोरला आला वाटतं," ती म्हणाली. "हातपाय धुऊन घे रे आधी."

बाबांचे केस पांढरे व्हायला लागले होते, ऑफिसात त्यांच्या हाताखाली माणसं होती. पण ते मोरीत गेले आणि खरोखरच हातपाय धुऊन आले. तोंडही धुतलं होतं त्यांनी. चेहरा सगळा ओला होता.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. तिनं निळी फीत शोधली आणि आजीच्या समोर येऊन आपली घंटा वाजवली.

"ठकू!" आजी म्हणाली. पण ती आत्याकडे बघतच नव्हती. तिची नजर आत्याच्या खांद्यावरून दाराकडे गेली. "ठकू आली. दार उघडा कुणीतरी."

"आई, मी इथंच आहे."

"तुम्ही बसा हो. माझी मुलगी आलीय बाहेर."

आता मात्र सगळ्यांनीच हात टेकले. घंटा ओळखली होती, माणूस ओळखता येत नव्हतं. इतकी मोठी माणसं खोलीत, पण प्रत्येक जण जमिनीकडे बघत होता. एवढी धावाधाव केली ती कशासाठी, असं ताईला वाटलं.

पिटुकलीला मात्र यात अवघड काय ते कळत नव्हतं. आजी म्हणतेय ठकू बाहेर आहे, तर ठकूनं बाहेर जावं! तिनं आत्याचा हात धरला, तिला दाराबाहेर नेऊन उभं केलं, आता वाजव आणि मग ये, असं सांगितलं आणि आत येऊन दार लावलं.

बाहेर घंटा वाजली.

आजी उठली. आईनं हात पुढं केला, पण तिनं तो घेतला नाही. भिंत धरत ती दारापर्यंत गेली आणि तिनं दार उघडलं. या वेळी बाहेर कुणीतरी होतं. निळ्या फितीची घंटा हातात धरून, रडवेल्या तोंडानं उभं होतं. आजीनं तो चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"ठके, किती उशीर केलास गं," ती म्हणाली. "चल आत. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

मग सगळे गोल बसले. पिटुकली आजीला टेकून बसली, आजीची पाळी आली की तिचा हात हलवून द्यायला. सुरावट सुरू झाली, आणि या वेळी ती सरळ चालली. आईनं नेहमीसारखी उशिरा वाजवली, काकांनी लवकर. आत्याच्या जागी इतकी वर्षं जी शांतता होती, तिथं घंटा वाजली. मग आजोबांची पाळी आली. सगळे थांबले. जांभळ्या फितीची घंटा उशीवर होती. आजी मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली, आणि मग बाबांची घंटा आली, जिथं यायला हवी तिथं.

नंतर तिघांचं कौतुक झालं, ते किती म्हणून सांगावं! काकूनं केकचे सगळ्यांत मोठे तुकडे तिघांना दिले आणि बेदाणे कमी कसे पडले हे विचारलंच नाही. आत्यानं मुंगळ्याची पापी घेतली, त्याला ते अजिबात आवडलं नाही. काकांनी तिघांच्या सायकली फुकट दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं, कायमचं. बाबा मात्र ताईजवळ येऊन बसले.

"तू सांगत होतीस तेव्हा मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "तिचं तर कुणीच ऐकलं नाही. तुम्ही नसता तर मी तिला पोचवून आलो असतो."

त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठून ते आईला म्हणाले की ती संस्था वगैरे आता राहू दे, आपण इथंच काहीतरी जमवू. आणि पेटी नाताळानंतरही बंद करायची नाही असं त्यांनीच ठरवलं. शिरस्ता मोडला, पण आजोबा रागावले नसते.

दुसऱ्या दिवशी नाताळ. नवे कपडे घालून सगळे चर्चला निघायच्या गडबडीत होते. आत्या आजीचे केस विंचरत होती. आजीनं वळून तिच्याकडे बघितलं. "तुमचा हात हलका आहे हो," ती म्हणाली. "कोण तुम्ही?"

सगळ्यांचे हात होते तिथं थांबले. काल सगळं सुटलं असं ताईला वाटलं होतं, आणि त्यातलं काहीच राहिलं नव्हतं. हे उद्याही होणार होतं, आणि परवाही, आणि ते थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

आत्यानं फणी खाली ठेवली. तिनं पेटीतून निळ्या फितीची घंटा घेतली, चपला घातल्या आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. पिटुकलीनं आतून दार लावून घेतलं.